बिनबुबुळाचा येशू

कुसुमडीत तबिता बेसराचं अंगण म्हणजे सासवांच्या हातातलं हत्यार होतं. दिवस कलला की तबिता कुदळ उचलून आत ठेवायची, बाज भिंतीला उभी करायची. मुसळ, घागर, कोंबड्यांचं डालगं, झाडून सगळं कडेला सारायची. आणि शेवटी वाकून हातानं जमीन चाचपायची, एखादा दगड राहिला का म्हणून. "बघ, बघ जरा," सासवा सुनांना म्हणायच्या, "नाहीतर तू! तुझ्या अंगणात बैलसुद्धा ठेचकाळेल."

खरं कारण कळलं असतं तर कुणी सुनेला टोमणा मारायला गेलं नसतं. तबिताला वाटायचं की तिचा मेलेला मुलगा आंधळा झालाय आणि रोज संध्याकाळी भिंत धरून धरून घर शोधत येतो. त्याच्या पायाला काही लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप. नऊ वर्षं.

मुलाचं नाव आमोस. दगडाच्या खाणीत कामाला होता, एकोणीस वर्षांचा. सुरुंग वेळेआधी उडाला. खाणीतल्या माणसांनी त्याला चादरीत गुंडाळून आणला आणि बजावलं, तोंड उघडून बघू नका. तबितानं बघितलं नाही. पुरताना सगळं गाव रडलं, ती मात्र चादरीच्या त्या टोकाकडे बघत राहिली.

त्या संथाळ मुलखात माणूस गेला की चार-आठ दिवसांत चित्रकार दारात उभा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी जात आहे त्यांची. झोळीतून तो एक कागद काढतो. कागदावर तुमचा मेलेला माणूस असतो. हात, पाय, गुडघ्यापर्यंतचं धोतर, सगळं जागच्या जागी, फक्त डोळ्यात बुबुळ नसतं. "तुमचा माणूस पलीकडे आंधळा फिरतोय," तो म्हणतो. "वाट दिसत नाही त्याला. डोळा भरून घ्या." घरचे मग तांदूळ देतात, काशाची वाटी देतात, ऐपत असली तर शेळी देतात. चित्रकार काळ्या रंगात काडी बुडवतो, एक ठिपका देतो, आणि मेलेल्याला दिसायला लागतं. शहाणी माणसं याला पोट भरायचा धंदा म्हणतात. म्हणोत बापडी. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्यानं तो पांढरा डोळा एकदा बघावा आणि मग शहाणपण सांगावं.

आमोस गेल्यावर सहाव्या दिवशी खगेन चित्रकार सायकल ढकलत आला होता. तबिताचा नवरा मार्शाल मुर्मू हा गावातल्या ख्रिस्ती घरांचा प्रचारक; तिथं बायका माहेरचंच कूळनाव लावतात, म्हणून ती बेसरा. फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार मार्शालच प्रार्थना चालवायचा. त्यानं खगेनला ओट्यावर पायही ठेवू दिला नाही.

"आमची मेलेली माणसं आंधळी नसतात," तो म्हणाला. "प्रभूजवळ आहेत ती. चल, नीघ."

"बरं बाबा," खगेन म्हणाला. कागद गुंडाळता गुंडाळता एवढंच पुटपुटला, "पण भिंतींवर आपटतोय तो."

तबिता दाराआड उभी होती. कागद गुंडाळला जाण्याआधी तिनं तो पाहिला होता. जवान पोरगा, हातात बासरी, आणि अंड्यासारखा कोरा डोळा. त्या दिवसापासून तिच्या मनात भीती येऊन बसली ती पाहुण्यासारखी नव्हे, घरमालकासारखी. नवऱ्याला ती काय सांगणार? तो प्रचारक. तिथं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, मुलाच्या नावानं हाक मारतात. आमोस गेल्यावर ती हाक दोघांच्याही तोंडून निघेना. तेव्हापासून ती दोघं एकमेकांना नुसतं 'ऐक' म्हणायची, आणि मग बहुतेक वेळा पुढे काही बोलायचीच नाहीत.

तबिताच्या हाताला देणगी होती. संथाळ बायका सगळ्याच सणाआधी भिंती सारवतात, गेरू आणि पांढरी माती लावून रंगवतात. पण तबिताच्या भिंतीसमोर दुमक्याच्या बाजाराला निघालेली माणसं थांबायची. तिचे मोर, तिचे बैल, नांगरणारा बाप्या आणि भाकर घेऊन जाणारी बाई. आमोस गेल्यावर त्या भिंतीवर नुसत्या वेली आल्या. पानं, फुलं, पळसाच्या फांद्या. डोळा असलेलं काही म्हणजे काही नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वेलीच इतक्या देखण्या असायच्या.

असं सगळं चाललेलं असताना फादर सिल्वानुस टुडू आले.

फादर त्यांच्यातलेच, संथाळच, पण लहानपणापासून मिशनच्या वसतिगृहात वाढलेले. वय कोवळं, उत्साह दांडगा, आणि खाली फटफटी. कुसुमडीच्या प्रार्थनाघरात शहरातून आणलेला एक प्लास्टरचा येशू होता. केस पिवळे, डोळे निळे, नाक एकदा पडून फुटलेलं आणि मार्शालनं चुन्यानं चिकटवलेलं. त्यामुळे प्रभूला बारा महिने सर्दी झाल्यासारखी दिसायची. फादरनी तो बघितला आणि डोक्याला हात लावला.

"हा कोण पाहुणा बसवलाय?" ते म्हणाले. "याला आपली भाषा तरी येते का? आपल्या घरात आपला येशू हवा. आपल्या मातीचा, आपल्या रंगाचा. इतकी मोठी कोरी भिंत आहे, आणि तुमच्या गावात इतका चांगला हात आहे. गोगो, तुम्ही काढा."

गोगो म्हणजे आई. फादर सगळ्या बायांना गोगो म्हणायचे. "मला माणसं येत नाहीत फादर," तबिता म्हणाली.

"अगं, येत नाहीत काय?" मागून पाकू बुढी ओरडली. पाकू म्हणजे गावातली सगळ्यांत वयस्कर ख्रिस्ती बाई, जिभेला हाड नसलेली. "तुझ्या लग्नाच्या वर्षी माझ्या म्हाताऱ्याला भिंतीवर काढलं होतंस. इतका हुबेहूब की मी त्याला ताडी प्यायला म्हणून शिव्या दिल्या!"

सगळे हसले. मार्शालनं बायकोकडे न बघताच सांगून टाकलं, "काढेल ती. ईस्टरपर्यंत होईल."

तबितानं शेवटचा प्रयत्न करून बघितला. "पाठमोरा काढला तर चालेल?"

"पाठ कशाला दाखवायची त्याची लेकरांना?" फादर हसले आणि फटफटीला लाथ मारून निघून गेले.

ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले. सकाळी बायका मोहाची फुलं वेचायला जायच्या तेव्हा तबिता टेकडीमागून गेरू खणून आणायची. पांढरी माती नाल्यातून, पिवळी माती बांधाखालून, काळा रंग दिव्याच्या काजळीत बेलाचा डिंक घालून. दातवणाची काडी चावून तिचे कुंचले. आणि खोटं का बोला, त्या दिवसांत तिला बरंही वाटलं. हात सुटला होता. तिनं येशूला क्रुसावर टांगला नाही. तिनं त्याला सालवृक्षाचं अख्खं खोड खांद्यावर घेऊन चढण चढताना काढला. जंगलातून लाकूड आणणारी माणसं चालतात तसा, कमरेत वाकून, कमरेला आखूड धोतर, पायाची बोटं मातीत रुतलेली. मागे बायका, डोक्यावर घागरी. समोर डोंगर, पण अर्धा कापलेला, खाणवाल्यांनी खाल्लेला. असाच डोंगर तिला ठाऊक होता. मग तिनं चेहरा काढला, एका बाजूनं, तिथली चित्रं काढतात तसा. नाक, कपाळ, दाढी, आणि डोळ्याचा घेर.

तिथं हात थांबला.

काडी काळ्या रंगात बुडवलेली, भिंतीपासून चार बोटांवर, आणि हात पुढे जाईना. एक ठिपका. तो ठिपका तिनं दिला तर त्याचा अर्थ असा की डोळा माणसाच्या हातानं भरावा लागतो. म्हणजे खगेन खरं बोलत होता. म्हणजे आमोस नऊ वर्षं आंधळा फिरतोय आणि त्याच्या आईनं दाराआडून बघत राहून त्याला तसा फिरू दिला. आणि ठिपका नाही दिला तर येशूच आंधळा. मग आमोसला शोधणार कोण? तबिता शाळेत गेलेली नव्हती, पण या दोन भिंतींमधून बाहेर पडायला दार नाही हे समजायला शाळा लागत नाही. तिनं काडी धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी परत उचलली, परत ठेवली. असे अकरा दिवस.

तोवर ईस्टरच्या आधीचा पाम रविवार आला. लोक हातात शिंदीच्या फांद्या घेऊन गात गात आत आले आणि गाणं मध्येच तुटलं. भिंतभर येशू होता. सुंदर होता. पण त्या गावात बुबुळ नसलेलं चित्र म्हणजे काय हे पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. ज्याच्या नावानं कुणी काही दिलेलं नाही असा मेलेला, आंधळा, घर शोधत फिरणारा, आणि फिरता फिरता हाताला लागेल त्याला धरून ओढणारा. बायकांनी पोरांचे चेहरे पदरात झाकले.

फादर मात्र खूष. "वा गोगो! बाकी काय राहिलंय, डोळाच ना? होईल, होईल." वसतिगृहात वाढलेल्या माणसाला काय कळणार.

सोमवारी मालोती नावाच्या बाईचं तान्हं पोर तापानं फणफणलं. मालोती रविवारी भिंतीच्या अगदी जवळ बसली होती. मंगळवारी विहिरीवर तबिता गेली तर दोन बायकांनी आपल्या घागरी उचलून बाजूला घेतल्या. बुधवारी पाकू बुढी, जी एरवी तिच्या ओट्यावर बसून तासभर गावाची धुणी धुवायची, ती रस्त्यातूनच म्हणाली, "कुणाला बोलावलंस गं तू भिंतीवर?" आणि थांबलीसुद्धा नाही. जाता जाता शेजारणीशी जे पुटपुटली त्यातला एकच शब्द तबिताच्या कानावर आला. डान.

म्हणजे चेटकीण. हा शब्द त्या मुलखात कुणी थट्टेत वापरत नाही. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात एका विधवेला आधी अशीच विहिरीवर वाळीत टाकली, मग जानगुरूनं, म्हणजे चेटकीण ओळखून सांगणाऱ्या भगतानं, सालाच्या पानावर तेल टाकून तिचं नाव सांगितलं, आणि मग तिच्या झोपडीला आग लागली. आग कुणी लावली यावर पोलीस आणि गाव अजून भांडताहेत. ती आत होती यावर मात्र कुणाचंच दुमत नाही.

तबिताला आता संध्याकाळचीच नव्हे, सकाळचीही भीती वाटायला लागली. चुलीत लाकूड फुटलं तरी ती दचकायची. गुरुवारी मांझी आला. मांझी म्हणजे गावाचा मुखिया, बाबुराम हेम्ब्रम. तो जुन्या धर्माचा, पण भला माणूस. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"तबिता, तुझ्या लग्नात मी मांदल वाजवलाय," तो म्हणाला. "माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. पण मालोतीचं पोर दूध ओढेना झालंय. लोक जानगुरूकडे निघाले होते, मी हात जोडून थांबवलंय. उद्या दिवस मावळायच्या आत त्या डोळ्याचं काहीतरी कर. भर, नाहीतर भिंत पुसून टाक. तेलात एकदा नाव निघालं की मग माझ्या हातात काही राहत नाही, पोरी."

"आणि पुसलं तर?"

बाबुरामनं मान खाली घातली. "भिंत पुसली तरी मेलेला कुठं पुसला जातो, असंही लोक विचारतीलच."

मार्शाल आतून बाहेर आला. मांझी गेल्यावर म्हणाला, "ऐक. एक ठिपका दे आणि मोकळी हो. रंगच तर आहे."

"रंगच आहे तर तू दे," ती म्हणाली.

त्यानं काडी उचलली नाही. तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं नाही, रागच आला.

शुक्रवार म्हणजे प्रभूच्या मरणाचा दिवस. सकाळपासून सगळी ख्रिस्ती घरं उपाशी, क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जमायची. तबिता तोंडावर पदर ओढून उजाडताच गावाबाहेर पडली. प्रचारकाची बायको गुड फ्रायडेला गावात नाही! मागे काय बोललं जाईल हे तिला चालताना पाठीवर जाणवत होतं. पळाली म्हणतील. पळाली म्हणजे डानच. पण ती पळत नव्हती, ती खगेनकडे निघाली होती. पदराखाली काशाची वाटी होती आणि पोटाशी बांधलेले दोन शेर तांदूळ. डोळा भरणारा हात खगेनचा. त्याच्याच हातानं दोन्ही कामं होऊ देत, आमोसचंही आणि येशूचंही. नऊ वर्षं उशीर झाला तर झाला.

सात मैल. खाणीजवळच्या वाटेनं जायला हवं होतं, ती लांबून वळसा घालून गेली.

खगेन म्हातारा झाला होता. दारात बसून विडी ओढत होता. तिला बघून उठायला गेला.

"बस बाबा, बस," ती म्हणाली. तिनं वाटी त्याच्यासमोर ठेवली, वर तांदूळ ओतले. "कुसुमडीची मी. आमोस मुर्मूची आई. त्याचा डोळा भर."

खगेननं वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि वाटी परत तिच्याकडे सरकवली.

"का? कमी आहे?"

"कमी नाही गोगो. एकाच मेलेल्याचं मी दोनदा घेत नाही. तेवढी लाज आहे मला."

तबिताला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "कुणी दिलं?"

"तुझ्या माणसानं. मला हाकलून दिलं ना, त्याच्या तिसऱ्याच दिवशी आला की. काळी शेळी घेऊन, दोरी धरून, उन्हातानाचा. इथंच बसला होता, तू बसलीस तिथं." खगेननं विडी विझवली. "आणि ऐक. माझ्याकडे जवान पोराचं चित्र एकच असतं. कुणाचंही पोर मेलं तरी तेच. पण तुझा माणूस म्हणाला, डोळा असाच नको. असा नको, तसा काढ. हात धरून सांगत होता. पन्नास वर्षं मेलेल्यांचे डोळे भरतोय मी, पण डोळा कसा होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं कधी."

काळी शेळी. तबिताला आठवली ती. तरसानं नेली म्हणाला होता मार्शाल. तिनं दोन दिवस ओढ्याकाठी हाडं शोधली होती.

"आणि येशूचा डोळा?" तिनं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. "तो भरशील?"

खगेन घाबरून हसला. "मी? तुमच्या देवाचा? नको बाई. त्याच्या घरच्यांनी भरावा."

परत येताना ती वळसा न घालता खाणीच्या वाटेनं आली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. डोक्यात नुसता जाळ होता. मुलगा आंधळा नाही याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठंतरी खाली होताही. पण त्याच्यावर नऊ वर्षांची कुदळ, नऊ वर्षांची बाज, नऊ वर्षांची घागर येऊन पडली होती.

दुपार कलली होती. प्रार्थना संपून लोक घरी गेले होते. प्रार्थनाघरात मार्शाल एकटाच चटया गुंडाळत होता. तबिता दारात उभी राहिली.

"काळी शेळी तरसानं नेली होती ना?"

मार्शालच्या हातातली चटई उलगडत खाली गेली. मागे न वळताच त्यानं विचारलं,

"खगेन बोलला?"

"मी विचारलं म्हणून बोलला. तुला नऊ वर्षांत मी काही विचारलं नाही, तीच चूक झाली." ती दोन पावलं आत आली. "मी रोज अंगण आवरते ते कशासाठी, तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"कळत होतं! आणि तू ओट्यावर बसून बघत होतास? कुदळ उचलताना माझी कंबर मोडली, तू बघत होतास? एक शब्द सांगायचास रे मला. भरलाय डोळा, एवढंच."

"कुठल्या तोंडानं सांगू?" मार्शाल खाली बसला. इतका मोठा माणूस, एकदम लहान दिसायला लागला. "रविवारी इथं उभं राहून सगळ्यांना सांगायचं, आपली माणसं आंधळी नसतात. आणि स्वतः शेळी ओढत जायचं. पाकू बुढीचा पोरगा भुवन गेला तेव्हा ती रात्रभर माझ्या दारात बसली होती, आठवतं? खगेनला बोलावू दे म्हणत होती. मी नाही म्हटलं. चर्चमधून नाव काढीन म्हटलं. तिला तसं म्हटलं, आणि आपल्या पोराचा मात्र आधीच भरून घेतलेला. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. नाही सांगितलं तर निदान..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "मला भीती वाटते. रोज वाटते. प्रभूला काय सांगू याची. आणि नसतो गेलो तर पोराला काय सांगितलं असतं, याची."

तबिताला त्याला मारावंसं वाटलं. त्याच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही न करता ती भिंतीजवळ गेली आणि नारळाच्या करवंटीत काजळी घोळायला लागली. बाहेर बोलण्याचे आवाज येत होते. माणसं जमत होती, दिवस मावळायला फार वेळ नव्हता.

"सांग," ती म्हणाली.

"काय?"

"खगेनला जे सांगितलंस ते. चादर तू उघडली होतीस ना? तेव्हा दिसला तो डोळा सांगितलास, की त्याआधीचा?"

"त्याआधीचा," मार्शाल म्हणाला. तो उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. करवंटी त्यानं तिच्या हातातून घेतली आणि तिला काडी बुडवता येईल अशी धरली. "वरची पापणी जरा उतरती. झोप अर्धी राहिल्यासारखी. बुबुळ मधोमध नको. पुढं घे, नाकाकडं. तो पाय टाकायच्या आधी बघायचा ना, कुठं टाकायचा ते."

तिनं काडी टेकवली. या वेळी हात गेला.

"अजून पुढं?"

"थोडंसं. हां. आता खाली एक बारीक रेघ. हसला की पडायची ती."

"इथं तो हसत नाहीये. खांद्यावर लाकूड आहे त्याच्या."

"तरी काढ."

तिनं काढली. आमोसचा डोळा येशूच्या चेहऱ्यात बसतो का, हे बघायला ती मागे सरकली नाही. भिंतीला अगदी नाक लागेल इतकी जवळ उभी राहून ती मनात म्हणाली, दिसतंय का तुला? दिसत असेल तर बघ माझा पोरगा कुठे आहे. डोळा आहे म्हणे त्याला, पण तरी बघ.

दारात अंधार झाला. मांझी बाबुराम, त्याच्यामागे दहा-बारा माणसं, मालोती तापलेलं पोर छातीशी धरून, आणि फटफटी तशीच टाकून धावत आलेले फादर. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. कुणी आत येईना. सगळे त्या एका ठिपक्याकडे बघत होते. मालोतीच्या पोराचा ताप काही उतरला नव्हता, ते कण्हत होतं, आणि तेवढाच आवाज होता. तबिता पाठ भिंतीला लावून उभी राहिली. पुरेसं झालं की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

मग माणसांना कोपरानं ढकलत पाकू बुढी पुढे आली. काठी टेकत टेकत थेट भिंतीपाशी गेली. येशूच्या डोळ्याकडे तिनं मान वर करून बघितलं, जवळून, नंतर जरा लांबून. मग तबिताकडे वळली. तोंड तसंच वाकडं, आवाज तसाच भांडखोर.

"माझा भुवन राहिलाय," ती म्हणाली. "सात वर्षं झाली."

फादरनी तोंड उघडलं. "गोगो, असं बघा, आपल्या धर्मात..."

"फादर," मार्शाल म्हणाला, "जरा थांबा." त्याच्या हातात अजून करवंटी होती. तो पाकू बुढीकडे बघत नव्हता, बघू शकत नव्हता. बायकोला म्हणाला, "काढ."

येशूच्या मागे, घागरी घेतलेल्या बायकांच्या पुढे, हातभर जागा कोरी होती. तबितानं तिथं तळवा टेकून भिंत कोरडी आहे का बघितलं.

"त्याच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं," पाकू बुढी म्हणाली. "पांढरं. तेही काढ गं. नाहीतर मी गेल्यावर त्याला ओळखायचं कसं?"